हात न लावायच्या दहा टोपल्या

प्रिय ताई,

तुझा फोन मी दोनदा उचलला नाही, रागावू नकोस. फोनवर तू हसायला लागलीस की माझ्या तोंडून खरं निघत नाही. म्हणून लिहितोय. आधी कच्चं लिहिलं, हे पक्कं. आठवीत शाळा सुटलेल्याला तू मास्तर म्हणतेस, तेव्हा अक्षराला नावं ठेवायला तुला जागा ठेवणार नाही.

विद्यापीठाच्या या खोलीत भिंतीवर कालवं वाढवायच्या प्रकल्पाचे नियम आहेत, ते इथल्या प्रमुख मॅडमनी माझ्याच हातून लिहून घेतलेत. खाडीला सोसेल तेवढंच घ्यायचं. बाहेरचं बी आणायचं नाही, बाहेरचं खाद्य टाकायचं नाही. आणि शेवटचा, खाडीला आपल्या हाताची सवय लावायची नाही. तराफ्याला टांगलेल्या कालवांच्या त्या दहा टोपल्या या शेवटच्या नियमासाठी. बाकीच्या टोपल्या आम्ही घासतो, ऊन वाढलं की दोर सोडून खोल पाण्यात नेतो. या दहांना मात्र हात लावायचा नाही. खडकावरच्या कालवांचं होईल तेच यांचं होऊ द्यायचं. मी फक्त किती जिवंत, किती मेली ते मोजून वहीत लिहायचं. तीन उन्हाळे त्यांतली बहुतेक जगली, तर खडक सावरले असं धरून तुम्हा बायकांना कालवं काढायला पुन्हा मोकळीक, तोवर बंदी, असं ठरलं होतं. त्या बैठकीत पहिला हात तू वर केलास. बाकीच्या म्हणाल्या, हिचा भाऊ तिथे चिकटलाय म्हणून हिला पुळका. तू म्हणालीस, असा तसा नाही चिकटलेला, सुरी लावली तरी सुटायचा नाही. सगळ्या हसल्या होत्या.

मग तू मासळीच्या कारखान्यात लागलीस, बर्फात हात घालून कोळंबी सोलायला. मागच्या खेपेला पाण्याचा पेला तू दोन्ही हातांनी धरलास. बोटं मिटत नव्हती. ते मी पाहिलं.

हा तिसरा उन्हाळा. मागच्या महिन्यात पाणी असं तापलं की मी थर्मामीटर पुसून पुन्हा बुडवला. तोच आकडा. कालव तोंड उघडून बसलं आणि बोट लावूनही मिटलं नाही, की ते गेलं समज. पहिल्या दिवशी नऊ गेली, दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. मॅडम बाहेरगावी होत्या. भर दुपारी मी एकटाच तराफ्यावर गेलो आणि दहाही टोपल्यांचे दोर हातभर सोडले. चार दिवसांनी पाणी निवल्यावर त्याच खुणेवर, त्याच गाठीने परत बांधले.

मॅडम आल्या, त्यांनी वही पाहिली आणि स्टुलावर बसूनच राहिल्या. खाडी सावरली रे, म्हणाल्या. बोटवाल्या काकांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. आणि मी शहाण्याने त्याच पावली बाहेर येऊन तुला फोन केला, मोकळीक मिळणार म्हणून. तू विचारलंस, नक्की ना रे मास्तर? मी म्हणालो, नक्की.

त्यानंतर ओहोटीला मी खडकावर गेलो. तिथे दोर सैल करायला कुणी नव्हतं. दर तीन कालवांत एक उघडं पडलेलं. उरलेल्यांना तुमच्या सुऱ्या लागल्या तर पुढच्या वर्षी खडक नुसता खडक राहील. आणि मोकळीक मिळणार होती ती माझ्या वहीवरून.

आज सकाळी मी तारीख, वेळ घालून सगळं लिहून दिलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, हातभर म्हणजे नेमकं किती? मी दोर मोजून सांगितलं, अठ्ठावन्न सेंटिमीटर. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि तीन उन्हाळ्यांच्या आकड्यांवर एक तिरकी रेघ मारली. आता पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी बायकांना सांगणार आहेत. तुझं नाव घेणार नाही, म्हणाल्या.

दुपारी दाजींचा निरोप आला, तू काल कारखाना सोडलास, सुरीला धार लावून आणलीस, शनिवारी इकडे खाडीवर यायला निघतेस. ताई, निघू नकोस. उद्याच मुकादमाकडे जा, अजून तुझ्या जागी कुणी घेतलं नसेल तर पाया पड, माझं नाव सांग, भाऊ मूर्ख निघाला म्हण. काका तुमच्या बाजूला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. नव्या दहा टोपल्या आज मीच बांधल्या. पाणी पुन्हा तापायला लागलंय, आणि मी तराफ्यावर दोन्ही हात खिशात घालून उभा राहणार आहे.

तुझाच,
मास्तर