ठोक्यांवर धरलेले अणू

आष्टा

प्रिय राजस,

तू पाठवलेला आलेख मोबाइलवर बोटांनी मोठा करून पाहिला. रेष अगदी आडवी! मायक्रोवेव्हचे ठोके पडताहेत तोवर आपले अणू त्या अस्थिर अवस्थेतून ढळतच नाहीत. याच्यासाठी आपण दोघं वर्षानुवर्षं झटलो, आणि ते जमलं तेव्हा मी इथे तात्यांना पेज भरवत होते. आनंद झाला रे. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

तात्यांना आपल्या लेकीच्या या प्रयोगाचं भारी कौतुक होतं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण सगळं समजून घ्यायचे. मी सांगितलं होतं, उलटी उभी केलेली काठी एरवी पडणारच. पण तिचा खालचा टेकू भराभर वरखाली हलवत राहिलं तर ती उभी राहते. लेझरने अतोनात थंड केलेले अणू आम्ही काहीसे तसेच धरून ठेवतो. "आनि हलवायचं थांबलं की?" त्यांनी विचारलं. ढळतात, म्हटलं. "मग लय जपावं लागत आसंल गं पोरी."

आता ते काही विचारत नाहीत. स्मृतिभ्रंश वाढतच जाणार, असं कराडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पृथ्वीराजदादाची रजा संपली, तो लेहला परतला. त्यांना सांभाळायला सांगलीहून बाई आणली, तिला तात्यांनी खोलीत येऊ दिलं नाही. ते फक्त मला ओळखतात, तेही नावाने नाही.

परवा माझा कॉलेजातला मित्र शंभूराज भेटायला आला. आम्ही बोलत बसलेलो पाहून तात्या उंबऱ्यातच आडवे बसले. "हिला न्यायला आलाय ह्यो. न्हाई जायाची ती!" तो बिचारा मागच्या दाराने गेला. तरी तात्या माझी ओढणी मुठीत धरून बसून राहिले. घास घेतला नाही.

म्हणून लिहिते आहे. रविवारी येऊन तात्यांकडे लग्नाचं बोलतो म्हणालास, येऊ नकोस. प्रयोगशाळेतली माझी जागा अंकिताला द्या, सरांना मी कळवलं आहे. तू थांबायला तयार आहेस, हे ठाऊक आहे मला. पण राजस, माझी वाट बघणं म्हणजे तात्यांच्या जाण्याची वाट बघणं. ती तू बघू नकोस, आणि मलाही बघायला लावू नकोस.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही,
वल्लरी