बेल वाजण्याआधीचे दोन सेकंद

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू बरा असशील. वहिनीशी फोनवर बोलणं होतं, त्यामुळे तुमची खुशाली कळत राहते. मी ठीक आहे. पुढचं दार रंगवून घेतलं, बाकी घर तसंच आहे.

झालं ते आधी क्रमाने लिहिते. मला असंच जमतं, तुला माहीत आहे.

१. आमच्या स्टुडिओने एका परदेशी विनोदी मालिकेचे हक्क घेतले. ती आम्ही आपल्या प्रेक्षकांसाठी नव्याने बनवतोय. साउंड इंजिनियर म्हणून आवाजाचं काम माझ्याकडे आहे.

२. मूळ मालिकेत एक विसराळू म्हातारा आहे. बाहेर जायचं म्हणून तो दर भागात कपाटाचं दार उघडून आत शिरतो. तिकडचे लोक यावर वर्षानुवर्षं हसताहेत.

३. आम्ही चाचणीसाठी साठ प्रेक्षक बोलावले. ते हसले नाहीत.

४. दिग्दर्शकाने त्या जागी काहीतरी आपलं मागितलं. ते मी सुचवलं.

५. तो भाग चित्रित करून पुन्हा साठ जणांना दाखवला. त्या जागी ते अकरा सेकंद हसले.

६. शनिवारी २९ तारखेला तो टीव्हीवर येईल. त्यात बाबा आहेत.

यातला चौथा मुद्दा अपुरा आहे.

परदेशी कंपनीने मालिकेबरोबर तीनशे बारा पानांचं पुस्तक पाठवलं आहे. सोफा कुठे ठेवायचा, कुठल्या वाक्यानंतर किती थांबायचं, सगळं त्यात आहे. आम्ही त्याला पोथी म्हणतो. त्या दिवशी दिग्दर्शक पोथी आपटून म्हणाला, "इथे सात सेकंद हशा, असं लिहिलंय!"

"मग पोथीलाच हसायला सांगा," लेखक म्हणाला. "आपल्याकडे म्हातारा कपाटात शिरला तर लोक म्हणतील, अहो काढा त्याला, गुदमरेल."

"तुझ्याकडे आहे का काही? नुसता चहा ढोसतोस."

मी बैठकीत सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलून गेले, की आमचे बाबा स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षी ते दुपारी अंगणात जायचे. फाटकाची कडी त्यांना उघडता येत नसे, म्हणून मला काळजी नसायची. एक फेरी मारून ते बेल वाजवायचे आणि मी दार उघडलं की अदबीने विचारायचे, "आमची इंजिनियर आहे का घरी?" मी म्हणायचे, "आहे ना, बोलावते." मग मीच आत जाऊन माझा चष्मा काढायचे आणि पुन्हा दारात यायचे. मग बाबा खूश. "अगं, किती वेळ! आणि दार उघडायला ठेवलेली ती बाई बरी आहे, पण जरा मख्खच."

बैठकीत सगळे हसले. मीही हसले.

आठवड्याने लेखकाने प्रसंग लिहून आणला. दोनदा असंच घडतं. तिसऱ्यांदा बेल वाजते, मुलगी दार उघडते आणि म्हणते, "ती इथे राहत नाही." म्हातारा "माफ करा, घर चुकलं" म्हणून वळतो. दार बंद. दोन सेकंद शांतता. मग पुन्हा बेल.

मी विचारलं, "हे वाक्य कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे? दोनदा सरळ झालं की तिसऱ्यांदा उलटं करायचं. कुणीही हेच लिहील."

ते वाक्य मी त्याला सांगितलं नव्हतं. दादा, मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या रविवारी तू बाबांना भेटून साडेतीनला निघालास. चारला बेल वाजली. त्या दुपारची ती चौथी वेळ होती आणि मला संध्याकाळपर्यंत काम द्यायचं होतं. बाबांनी नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, "ती इथे राहत नाही." वाटलं, यावरही हसतील. ते म्हणाले, "माफ करा हं, तुम्हाला त्रास दिला." मी दार लावलं.

ते परत बेल वाजवतील याची मला खात्री होती. मी जेमतेम दोन सेकंद दाराशी थांबले. मग आत जाऊन हेडफोन लावले. काढले तेव्हा पावणेपाच झाले होते.

मधल्या वेळात बेल वाजली की नाही, मला माहीत नाही.

फाटकाची कडी तू लावली नव्हतीस, हे खरं. ते मी चार माणसांसमोर तुला सुनावलं, हेही खरं. पण "ते कधी बाहेर गेले ते मला कळलंच नाही" असं मी म्हणाले, ते खोटं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बस आगाराच्या बाकावर गारठलेले सापडले. त्याला दोन वर्षं झाली, आणि अंत्यविधीनंतर तू या घरात पाऊल ठेवलेलं नाहीस. वहिनी सांगते, घरातून निघताना तू कडी तीन-तीनदा बघून येतोस. तुझ्याकडून एक कडी राहिली. मी त्यांना दारातून परत पाठवलं.

आता रोज मी तोच प्रसंग जुळवते आहे. एक सेकंद ठेवला तर हसू कापलं जातं. तीन ठेवले तर ताणल्यासारखं वाटतं. दोनच नेमके बसतात. कधी कधी ध्वनिमुद्रणात नसलेली बेल मला त्या दोन सेकंदांत ऐकू येते. पडद्यावरची आवाजाची रेघ तपासते. ती सपाट असते. घरी ऐकू आली तर मात्र मी उठून दार उघडते.

दुसरा पर्याय तयार ठेवला आहे. त्यात मुलगी तिसऱ्यांदाही म्हणते, "आहे ना, बोलावते." त्यावर लोक चार सेकंद हसतात. दिग्दर्शक म्हणाला, "तुझ्या बाबांचं आहे, तू म्हणशील तेच ठेवू. पण अकरा सेकंद सोडून चार घेणारी पहिलीच भेटलीस."

शुक्रवारी २१ तारखेला भाग पाठवायचा आहे. त्यानंतर बदल होत नाही. बाबा तुझेही होते, म्हणून कोणता ठेवायचा ते तू सांग. माझ्याबद्दल काय वाटतं तेही लिहिलंस तर वाचेन.

गुरुवार, २० तारखेपर्यंत उत्तर दे. लिहायचं नसेल तर ये. दुपारी मी घरी असते, हेडफोन लावत नाही.

इथेच राहणारी,
तुझी बहीण