चार वाजताच्या शोची कडेची खुर्ची

पप्पा,

रात्रभर एसटी चालवून आलाय, आधी झोपा. भाकरी डब्यात आहे, शेंगाचटणी ताटलीखाली झाकलीय.

आज आमच्या म्युझियममध्ये मेळा आहे. सकाळी पोरं पुठ्ठ्याच्या दुर्बिणी करणार, संध्याकाळी गच्चीवरून चंद्रावरचे खड्डे बघायचे. आणि चार वाजता तारांगणात शो, त्याचं निवेदन चक्क मी करणार, पहिल्यांदाच! लई धाकधूक होतीय.

मागच्या रविवारी तुम्ही शोमध्ये घोरायला लागलात. आमच्या म्युझियमच्या मॅडमनी विचारलं, "कोण हो ते?" आणि मी म्हटलं, "माहीत नाही." तुम्हाला तेव्हाच जाग आली होती, हे मला आईकडून कळलं. मनात ठेवण्यापेक्षा मला ओरडला असतात तर बरं झालं असतं की.

आज मॅडमना आधीच सांगितलंय, माझे पप्पा येणार आहेत म्हणून. दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर तुमचं नाव चिकटवतेय, आडनावासकट. इस्त्रीचा शर्ट खुंटीला आहे.

दिवे बंद झाले की कोण आलं, कोण नाही, मला काही दिसत नाही. म्हणून पप्पा, झोप लागली तर बिनधास्त घोरा. मला कळेल, तुम्ही आलात.

बुद्धप्रिया