चौथी खाच

७ जुलै, सोमवार

नव्या सरांनी विचारलं, "बाई, गवत किती ठेवता?" मी म्हटलं, "पंचवीस मिलीमीटर. सव्वीस नाही, चोवीस नाही." वर मान ताठ! त्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. लिहून कशाला घ्यायचं? तेव्हापासून उगाच चुकचुकतंय.

फुटबॉलच्या मुलींना ते आज पहिल्यांदाच भेटले. मी कडेला फवारे तपासत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. गेल्या हंगामात बाहेरच्या मैदानांवर तेवीस गोल, आपल्या मैदानावर सहा. पंधरा सामन्यांत सहा! पेपरवाल्यांनी नावच पाडलं होतं — बाहेर वाघीण, घरात मांजर. त्यापायी मोठ्या बाईंना, म्हणजे आधीच्या कोचना, काढलं. आघाडीच्या तीन मुली गेल्या. जुन्यांतली उरली एकटी भिंगरी. आता हल्ला पार पायापासून उभा करायचाय म्हणे. "घरी गोल का होत नाहीत ते शोधल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही," सर म्हणाले. नका बसू बापडे!

घरी आल्यावर यांचं रोजचंच — "चौथीच ना?" म्हटलं, "चौथीच." गेल्या वर्षीपर्यंत हे मैदान यांचं होतं, मी नुसती हाताखाली. मग झटका आला, उजवी बाजू गेली. दीड महिना वाचा बंद. बोलायला लागले तेव्हा पहिला शब्द माझं नाव नव्हता, 'चौथी' होता! गवत कापायच्या यंत्राचा दांडा चौथ्या खाचेत अडकवला की गवत पंचवीस. यांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.

८ जुलै, मंगळवार

सहज म्हणून यांची लोखंडी पट्टी मैदानात नेली. सदतीस. पट्टी तिरकी धरली असेल म्हणून पुन्हा लावली. मग दोन्ही गोलांसमोर, मधल्या वर्तुळात, चारी कोपऱ्यांत. सदतीस, सदतीस, छत्तीस, सदतीस...

दांडा बघितला. चौथ्याच खाचेत.

कोपऱ्याच्या झेंड्यापाशी चक्क खाली बसले. कपडे धुणाऱ्या ताईंनी लांबून हाक मारली, "काय हो, गवत मोजताय की काय एकेक?" हसले. काय करणार!

९ जुलै, बुधवार

पुन्हा मोजलं. सदतीसच.

११ जुलै, शुक्रवार

कळलं. चाकं!

यांना दवाखान्यात ठेवलं त्याच आठवड्यात मिस्त्रीने यंत्राची चाकं बदलली होती. जुन्या मापाची मिळेनात म्हणून जरा मोठी बसवली. "बाई, एकदा उंची बघून घ्या हं," असं म्हणालाही होता. मी कुठली बघते! सकाळी मैदान, दुपारी दवाखाना. यांची वही होती, वहीत चौथी होती, बस. चाकं मोठी म्हणजे पातं वर. पातं वर म्हणजे गवत मोठं. शाळेतल्या पोराला कळेल. गेला अख्खा हंगाम मी बारा मिलीमीटर जास्त गवत ठेवलं आणि रोज त्याच्याकडे बघून खूश होत राहिले. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. यांना दिसली असती, पण हे पहिल्या मजल्यावर, आणि खिडकीतून फक्त स्टँडची पाठ दिसते.

आपल्या मुली खेळायच्या जमिनीलगत, भराभर, एकीकडून दुसरीकडे. पास मधेच मरायचा. पोहोचेपर्यंत समोरच्या आडव्या यायच्या. मोठ्या बाई कडेला उभ्या राहून ओरडायच्या, "जोरात मारा, जोरात!"

आणि भिंगरी एकदा आली होती माझ्याकडे. गेल्या हंगामात, तिसऱ्या का चौथ्या सामन्यानंतर. "काकू, गवत जड वाटतंय हो." मी काय म्हटलं? फाडकन म्हटलं — "गवत नाही, तुझे पाय जड झालेत."

हे मला आजच आठवायचं होतं.

१४ जुलै, सोमवार

सरांनी शोधून काढलं! फळ्यावर बाण काढून सगळ्यांना दाखवलं. मी खिडकीबाहेर पाइप गुंडाळत होते, लागला तेवढा वेळ लावला. "आपला हल्ला जमिनीवरून होत नाही. आकडे समोर आहेत. आता चेंडू वरून जाईल. लांब, उंच, थेट गोलासमोर." त्यासाठी नवी मुलगी आणलीय. सगळ्या तिला मनोरा म्हणायलाही लागल्या — दारातून वाकून येते बिचारी. स्वभावाने गरीब आहे. मला नमस्कार केला.

आणि छोट्या, चपळ मुलींचं काम संपलं. कोणाला सोडायचं ती यादी बावीस तारखेला सकाळी जाणार. कपडेवाल्या ताई म्हणाल्या, भिंगरीचं नाव पहिलं आहे.

म्हणजे हे सगळं, बाण, मनोरा, यादी, माझ्या एका खाचेवर उभं आहे. मी तोंड उघडलं तर कोसळेल. नाही उघडलं तर पोरगी जाईल.

तोंड उघडलं तर मीही जाईन. "बाईमाणसाला यंत्र जमायचं नाही," हे म्हणणारे ऑफिसात अजून आहेत. नोकरी गेली की या दोन खोल्याही गेल्या. क्लबच्याच आहेत त्या. यांना घेऊन जाऊ कुठे?

१५ जुलै, मंगळवार

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१६ जुलै, बुधवार

आजही नाही. सरांना सर्दी झालीय, म्हटलं बरं वाटू दे आधी. काय पण कारण! सर्दीने कान बंद होतात का कोणाचे?

१८ जुलै, शुक्रवार

सराव संपला, सगळ्या गेल्या, तरी भिंगरी मैदानातच. एकटीच धावत होती, घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधून. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मोजायला लागले आणि वीसनंतर सोडून दिलं.

मग शेडमध्ये पाणी प्यायला आली. यंत्राच्या शेजारी, उलट्या बादलीवर बसली. पिशव्या सोडल्या तर घोटे सोललेले! म्हटलं, "अगं काय हे? कशासाठी?" तर म्हणते, "तुम्हीच तर म्हणाला होतात काकू. पाय जड झालेत. मला आधी खोटं वाटलं. पण खरंच झालेत हो. बाहेर कसेबसे चालतात, घरच्या लोकांसमोर उचलतच नाहीत. आई म्हणते घाबरतेस. घाबरत नाही मी. पायच गेलेत."

चोविसाव्या वर्षी! माझ्या एका वाक्यावर पोरीने वर्ष काढलं. माझ्या डाव्या हाताला यंत्राचा दांडा होता. नुसता हात ठेवून दाखवला असता तरी पुरलं असतं. जिभेवर आलं होतं, देवाशपथ. म्हटलं काय, तर "मलम लाव."

मी चांगली बाई नाही.

२० जुलै, रविवार

यांनी विचारलं, "जेवत का नाहीस?" म्हटलं, पित्त झालंय. "चौथीच ना?" म्हटलं, चौथीच.

२१ जुलै, सोमवार

सरांच्या दारापर्यंत गेले. आत फोन चालू होता. "हो, हो, चपळ आहे, पण आमच्या खेळात बसत नाही." दाराच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला. वाटलं, फोन संपू दे. संपला. मग वाटलं, चहा होऊ दे. मग मी सरळ जिना उतरून खाली आले.

यादी उद्या दहाला जाते. नऊला जाऊन सांगेन. नक्की. इथे लिहून ठेवते म्हणजे फिरता येणार नाही.

२२ जुलै, मंगळवार

अकराला गेले.

का? नऊला यंत्र पुसत बसले. दहाला पुन्हा पुसलं. चकाचक झालं यंत्र!

सगळं सांगितलं. चाकं, खाच, सदतीस. खाली बघूनच बोलले. सरांनी उठून दार लावलं. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "अजून कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग कोणालाच कळायला नको. तुमच्यावर काही येणार नाही."

क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. पेनाचं टोपण लावत होते आणि ते लागत नव्हतं. माझ्या लक्षात आलं — हे मला नाही, स्वतःला वाचवतायत. मनोरा आणली, बाण काढले, वरच्या लोकांना सगळं पटवून दिलं, आणि कारण काय तर गवत! त्यांचीही पाचावर धारण बसलीय.

"आणि भिंगरी?" विचारलं.

"सह्या झाल्या, बाई. दहालाच."

बाहेर आले तर तिचं कपाट उघडं. आत एक तुटकी बुटाची नाडी.

२३ जुलै, बुधवार

एक तास आधी गेले असते तर. एकच तास.

२८ जुलै, सोमवार

सामन्यांचं वेळापत्रक लागलं. पहिला सामना दहा ऑगस्टला, आपल्याच मैदानावर. समोर कोण? भिंगरीचा नवा संघ. मी तीनदा वाचलं.

दुपारी सर स्वतः शेडमध्ये आले. कधी येत नाहीत. दांड्याकडे बोट करून म्हणाले, "हा आहे तिथेच राहू दे. आपल्याला आता चेंडू वरून खेळायचाय. मोठं गवत आपल्याच कामाचं."

"पण त्यांच्याकडून भिंगरी येणार," मी म्हटलं.

"म्हणूनच," सर म्हणाले.

गेले. मी बादलीवर बसून राहिले. गेल्या वर्षी मी चुकले होते. या वर्षी तेच केलं तर त्याला चूक म्हणता येणार नाही. आणि नाही केलं तर सर मला ठेवणार नाहीत. त्यांच्याकडे आता सबळ कारण आहे, मीच दिलंय त्यांच्या हातात.

४ ऑगस्ट, सोमवार

हे म्हणाले, "एवढी चांगली पोरगी. अचानक पाय कसे गेले तिचे?" यांना ती आवडायची. टीव्हीवर तिच्या पायात चेंडू आला की डाव्या हाताने खुर्ची बडवायचे.

माझा बांधच फुटला. सांगून टाकलं. चौथी आता चौथी राहिली नाही, तुमची वही चुकली, मी चुकले. सर काय म्हणाले तेही.

भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

५ ऑगस्ट, मंगळवार

"चौथीच ना?" आज विचारलंच नाही. वर्षभरात पहिल्यांदा. याचीच जास्त भीती वाटली.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी म्हणाले, "वही आण." आणली. "पेन." दिलं. डाव्या हाताने लिहितात, मांडीवर वही सरकते, म्हणून मी धरून ठेवली. 'चौथी' खोडलं. मला विचारलं, "कितवी?" नव्या चाकांवर दुसऱ्या खाचेला पंचवीस येतं, मी यंत्र फळीवर उभं करून पट्टीने मोजलंय. म्हटलं, "दुसरी." लिहिलं. बराच वेळ लागला. 'री' तर पार उताणी पडलीय!

"खोल्या जातील," मी म्हटलं.

"जातील."

"तुम्हाला उचलून कुठे नेऊ मी?"

"मी कुठे मैदानात राहतोय आता," म्हणाले. चहा मागितला.

७ ऑगस्ट, गुरुवार

यंत्र सुरू केलं. बंद केलं. पुन्हा सुरू केलं. वरून सर बघतायत असं सारखं वाटत होतं. दोनदा मागे वळून पाहिलं, खिडकीत कोणी नव्हतं. दांडा कुठे ठेवला ते इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर?

९ ऑगस्ट, शनिवार

शेवटची कापणी झाली. रेघा आखल्या. एक रेघ वाकडी गेली, पुसून पुन्हा आखली.

सर मैदानावर चक्कर मारून गेले. खाली बघत होते. डोळ्यांना कळत नाही म्हणतात, मलाही वर्षभर कळलं नव्हतं. त्यांना कळलं की नाही, देव जाणे.

१० ऑगस्ट, रविवार

हरलो. शून्य-दोन. दोन्ही गोल भिंगरीचे, दोन्ही जमिनीवरून. गवत पंचवीस होतं.

शेडची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवून आले.

जाताना भिंगरी धावत आली, घामाने निथळत, हसत. "काकू, बघितलंत? तिकडे जाऊन पाय हलके झाले!"

म्हटलं, "पाय कधी जड नव्हतेच गं. गवत जड होतं. मी ठेवलेलं."

ती हसायची थांबली.