एका महिला सहायकाचे आभार

१४ नोव्हेंबर १९५६, बुधवार, संध्याकाळचे सव्वासहा.
छापखान्यात आहे. आत्ताच रॉकेलनं हात धुतले.

प्रिय ताई,

पत्राला शाई लागू नये म्हणून हात दोनदा धुतले, तरी कोपऱ्यात अंगठा उमटलाच. रागावू नकोस. बाकीचे घरी गेले आहेत. मालक पुढच्या खोलीत कुणाशी तरी कागदाच्या भावावरून हुज्जत घालताहेत, तोवर लिहून घेतो.

आईचा गुडघा बरा आहे. तुझं पत्र आल्यापासून तर ती जिनासुद्धा भराभर चढते. त्या इंजिनियरच्या स्थळाला तू होकार द्यायचं म्हणतेस, हे वाक्य तिनं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं आणि लगेच शेजारच्या मावशींना सांगून आली, "पोरीचा बुरशीशी मांडलेला संसार मोडला गं बाई एकदाचा!" तुझं पुढचं वाक्य, "मी थकले रे," हे मी तिला वाचून दाखवलं नाही. तिला ते होकाराचंच कारण वाटलं असतं. मला तसं वाटलं नाही.

तुला आठवतं, आईची मोठी बरणी पालथी घालून तू तिच्याखाली ओला पाव ठेवला होतास? आठव्या दिवशी भिंग देऊन मला म्हणालीस, "बघ, जंगल." मी घाबरून भिंगच टाकलं. आईनं तुला बदडलं आणि बरणी राखेनं तीनदा घासली. तू रडत नव्हतीस. आईलाच विचारत होतीस, की बरणी पालथी असताना बुरशी आत शिरली कुठून. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आलीस तेव्हा जेवताना त्याच प्रश्नाचं धान्यापुरतं उत्तर सांगितलंस. धान्याला कीड कोठारात लागते असं सगळे म्हणतात, पण ही बुरशी शेतातच, दाणा कोवळा असताना, आत जाऊन बसलेली असते. आई म्हणाली, "मग शेताशीच लग्न लाव."

सोमवारी तुमच्या संशोधन संस्थेचा अहवाल आमच्याकडे छपाईला आला. अक्षरांचे खिळे जुळवताना आम्ही अर्थ वाचत नाही, काना-मात्रा बघतो. पण दुसऱ्या पानावर माझा हात थांबला. दाणा कोवळा असतानाच, असं लिहिलं होतं. हस्तलिखितही तुझ्याच अक्षरात, तुझा तो लांब शेपटीचा 'श'. वर नाव मात्र एकट्या तुझ्या सरांचं. आणि अगदी शेवटी, "नळ्या व भांडी स्वच्छ ठेवण्याच्या कामी झालेल्या मदतीबद्दल एका महिला सहायकाचे आभार." ताई, ते वाक्यही तुझ्याच अक्षरात होतं. ते उतरवताना तुला काय झालं असेल, याचा विचार करत मी खिळे हातात धरून उभा राहिलो. मालक ओरडले, "काय रे, झोप लागली का?"

तू लिहिलं होतंस, सर म्हणाले की लग्न झालं की आडनाव बदलेल, मग आज नाव छापून उपयोग काय. मी सातवीपर्यंतच शिकलो, सरांशी वाद घालणं मला जमणार नाही. पण आज जे नाव आहे त्याच नावानं तू तीन वर्षं शेतांत नि धान्याच्या कोठारांत धूळ खाल्लीस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. अहवालाचं प्रूफ सोबत पाठवतो आहे. दुसरी प्रत सकाळी सरांकडे जाईल. हस्तलिखित ज्याच्या अक्षरात त्याला प्रूफ दाखवायचं, हा मालकांचाच नियम आहे. मी त्यांना विचारलेलं मात्र नाही. कळलं तर ते मला बहुधा काढतील. आईला यातलं काही माहीत नाही. दोन प्रतींतल्या दुरुस्त्या जुळल्याशिवाय पान यंत्रावर चढत नाही, म्हणजे सरांना तुझ्याशी बोलावंच लागेल. छपाई पुढच्या गुरुवारी आहे. सरांच्या नावाखाली मी एक ओळ कोरी सोडली आहे. तुझं नाव त्याच मापाच्या खिळ्यांत जुळवून पाहिलं, बरोबर मधोमध बसतं. प्रुफावर ते तुझ्या हातानं लिही आणि सही कर. स्थळाला होकार द्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरव. तू काहीही ठरवलंस तरी आईला मी सांभाळतो.

तुझाच,
धाकटा