चष्म्याच्या घराची टकटक

गुरुवार, संध्याकाळ

हडपसरचा मसाल्याचा कारखाना विकायचा की नाही, हे ठरेना, म्हणून बिझनेस कोच लावला. खराडीचा समीर, माझ्या मुलाच्या वयाचा. आज कारखान्यात तिसरी बैठक.

"सल्ला देत नाहीस, तर येतोस कशाला?" मी विचारलं.

"ऐकायला, काकू."

म्हटलं, ऐक. बरंच बोलले. थांबले, तसं त्यानं चष्म्याचं घर टेबलावर दोनदा टकटकवलं, "बरं, मग?" म्हणाला आणि गप्प बसला.

आमचे हे अगदी असंच करायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, समीरनं त्यांना पाहिलेलंही नाही. आणि मी मूर्खासारखी बोलून गेले, "विकते." आजवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

घरी येऊन पहिल्या बैठकीत भरलेल्या अर्जाची प्रत काढली. प्रश्न होता, तुम्ही कुणाचं ऐकता? खाली माझंच अक्षर: 'यजमानांचं. "बरं, मग?" म्हणून गप्प बसायचे.' म्हणजे पोरानं अभ्यास केला होता! विश्वास असा मिळवतात तर. उद्या चांगला खडसावते. कारखाना विकायचा नाही, हेही सांगते.

पण ती टकटक? अर्ज पुन्हा वाचला. ती मी कुठेच लिहिलेली नाही. समीरला तर चष्माही नाही. ते चष्म्याचं घर ह्यांचं, अजून कारखान्यातल्या टेबलाच्या खणात असतं. त्यानं ते कधी काढलं?

विकायचा नाही, असं लिहिलं खरं. पण मघापासून पेन हातात धरून बसले आहे, इथल्या टेबलावरही ती टकटक होते का, म्हणून कान लावून.