मला न आठवणारे एकोणीस दिवस

प्रिय आरोही,

कॉलेजच्या हॉस्टेलवर माझं पत्र आलेलं बघून दचकू नकोस. अक्षर वहिनीचंच आहे, अजून थोडं वाकडं येतं एवढंच. फोनच केला असता, पण काशीदच्या घरातल्या सगळ्यांच्या फोनवर माझा नंबर ब्लॉक आहे, तुझ्याही. तो तू केलास की तुझ्याकडून करून घेतला, हे मी विचारणार नाही.

मी बरी आहे. म्हसळ्याला बाबांकडे राहते, संध्याकाळी चार पोरांची शिकवणी घेते. परवा सतराचा पाढा न अडखळता म्हटला, तर माझी आई डोळे पुसत बसली. एकोणतीस वर्षांच्या बाईने पाढा म्हटला म्हणून रडायचं! मला आनंद नाही झाला गं, संताप आला. हल्ली तो रोज येतो, आणि मी तो गिळत नाही.

आपल्या कॉटेजची सगळी बुकिंग मला तोंडपाठ असायची. कुणाला समुद्राकडची खोली हवी, कुणाच्या आजोबांना जिना चढवत नाही, वही उघडायची गरजच नसायची. मग त्या श्रावणात चार दिवस ताप आला, डोकं ठणकत राहिलं, झोप उडाली. एकच खोली मी दोन कुटुंबांना दिली. तुझा दादा पाहुण्यांसमोर ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" माझ्याजवळची शेवटची आठवण ही. पुढचे एकोणीस दिवस कोरे आहेत.

त्या दिवसांचं मला जे कळलं ते दुसऱ्यांच्या तोंडून. म्हणे मी एकटीच हसायचे, ओठ चावायचे, ताट भिरकावायचे. तुझ्या आईने ठरवलं, हिला बाहेरचं लागलंय. मग भगत आला, मिरच्यांची धुरी झाली, ओढणीने माझे हात खाटेला बांधले. मनगटावरचा वळ अजून आहे. आणि बी.एस्सी. झालेला तुझा दादा, माझा नवरा विनेश, दारात उभा राहून बघत होता. अकरा दिवस! त्या घरात फक्त तू विहिरीमागे जाऊन माझ्या बाबांना फोन केलास, "काका, भूतबित काही नाही. वहिनीला झटके येतायत. आत्ताच निघा." बाबा दिघीहून मिळेल त्या फेरीबोटीने आगरदांड्याला उतरले, रिक्षा करून आले आणि तुझ्या आईला एवढंच म्हणाले, "पोर माजी हाय, मी नेतो."

बाबांनी मला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुढे मला कागदावर चित्र काढून समजावलं. माझ्या बीजकोशात लिंबाएवढी गाठ होती, आणि तिच्यात मेंदूसारख्या पेशी होत्या. शरीराची प्रतिकारशक्ती त्या गाठीला शत्रू समजली, तिने अँटिबॉडी तयार केल्या. त्या रक्तातून मेंदूपर्यंत गेल्या, आणि जिथे आठवण तयार होते नेमक्या तिथल्याच पेशींना चिकटल्या. त्या दिवसांच्या आठवणी हरवल्या नाहीत आरोही, त्या बनल्याच नाहीत. गाठ काढली, रक्त गाळून अँटिबॉडी काढल्या, औषधं दिली. मी पुन्हा माणसात आले. "आधी आणलं असतं तर..." असं म्हणून बाई थांबल्या. मी विचारलं, "तर काय?" त्या म्हणाल्या, "अतिदक्षता विभागात कदाचित जावंच लागलं नसतं."

माझ्या शरीराने चूक केली, तीही मला वाचवायच्या नादात. ते मी माफ केलं. पण डोळ्यांदेखत सगळं दिसत असलेल्या, शुद्धीवरच्या माणसांचं काय? आजाराला नाव आहे, तपासणी आहे, उपचार आहे. हे सगळं कळल्यावरही गावभर माझं एकच नाव राहिलं, वेडी. मी म्हसळ्याला परतल्यावर तुझ्या आईने माझ्या आईला फोनवर सुनावलं, "लेकीचं खूळ लपवून आमच्या गळ्यात मारलीत." विनेशला एकदाही हॉस्पिटलात यायला जमलं नाही, पण हे बोलायला मात्र त्याने आईच्या हातात फोन दिला.

आता पत्राचं खरं कारण सांगते. सोमवारी मला कोर्टाची नोटीस आली. विनेशने लग्न रद्द करायला अर्ज केलाय. लग्नाआधीपासूनच मी वेडी होते आणि माझ्या माहेरच्यांनी ते लपवलं, असं त्यात लिहिलंय. साक्षीदारांत दुसरं नाव तुझं आहे. मला त्या घरात परत यायचं नाही, सुटका मलाही हवी आहे. पण मला वेडी ठरवणाऱ्या त्या खोट्या कागदावर नाही. माझ्या बाजूने बोल असंही मी म्हणत नाही, तुला त्याच घरात राहायचंय हे मला कळतं. पण ते एकोणीस दिवस माझ्या डोक्यात नाहीत. बाकीच्यांनी आपापल्या सोयीने ते बदलून टाकलेत. जसे घडले तसे ते फक्त तुझ्याकडे उरलेत. तू जे पाहिलंस, तेवढंच सांग.

कोर्टाने काहीही ठरवलं तरी तुझीच,
हेमाली वहिनी